सत्तावन्न अक्षरे

"ग्लेनिस, अगं आवर ना. पावणेतीन झालेत, तीनला घोडे सुटतात," ब्रॉनीने अंधाऱ्या खोलीच्या दारातून डोके आत घालून सांगितले. ग्लेनिस टॅटनलने तिला हातानेच बाहेर व्हायची खूण केली.

दार उघडे राहिले की खोलीत उजेड येतो आणि उजेड आला की तपासणी बाद. ब्रॉनीला हे चांगले ठाऊक होते. पण नोव्हेंबरचा पहिला मंगळवार असला की होबार्टमधल्या कुठल्याच कचेरीत कुणाचे डोके ठिकाणावर नसते. शर्यत लागते मेलबर्नला, आणि समुद्राच्या अलीकडे आमची माणसे नटूनथटून टीव्हीसमोर जमतात. डोळ्यांचा दवाखाना झाला म्हणून काय झाले? बाहेरच्या बाकांवर थेंब घातलेले म्हातारे-म्हाताऱ्या बसल्या होत्या. ज्यांना टीव्हीच्या जागी नुसता उजेडाचा चौकोन दिसत होता, त्यांनीही टोपीतून घोड्याच्या नावाची चिठ्ठी उचलली होती. चाचणीची सगळी व्यवस्था पाहणारी ब्रॉनी स्वतः केसांत पिसांचा तुरा खोचून फिरत होती.

ग्लेनिसने चिठ्ठी उचलली नव्हती. दर वर्षी ती म्हणायची, "कुणीतरी काम करायला नको का?" आणि दर वर्षी लोक तिला सोडून मजा करायचे.

काम म्हणजे एकच. लोकांकडून अक्षरे वाचून घेणे. गेली एकोणीस वर्षे ती तेच करत होती. डोळ्याच्या पडद्याच्या आजारावर कुठे नवे औषध निघाले की ते खरेच चालते का हे बघायला वर्षानुवर्षांच्या चाचण्या होतात. त्यात मोठमोठे डॉक्टर असतात, महागडी यंत्रे असतात, पडद्याचे फोटो परदेशात पाठवले जातात. पण शेवटी एक म्हातारा माणूस अंधारात खुर्चीवर बसून चार मीटरवरच्या उजळलेल्या तक्त्यावरची किती अक्षरे वाचतो, या आकड्यावर सगळे येऊन ठेपते. तो आकडा ग्लेनिस लिहायची. तिने सत्तेचाळीस लिहिले तर सत्तेचाळीस. तिच्यावर अपील नव्हते.

आणि त्या आकड्याला कुणाचा हात लागू नये म्हणून तिच्यावर बंधने होती. कुणाला खरे इंजेक्शन मिळते आणि कुणाला लुटुपुटूचे, म्हणजे सुईवाचून नुसती नळी डोळ्यावर दाबायची तसले, हे तिला कळू द्यायचे नाही. मागच्या खेपेचा आकडा दाखवायचा नाही. तिने गप्पा मारायच्या नाहीत. "छान" म्हणायचे नाही, "अरेरे" तर मुळीच नाही. बोलायची वाक्ये ठरलेली. पुढचे अक्षर सांगा. अंदाज करा. घाई करू नका. पुढची ओळ. एकोणीस वर्षांत तिची घरची बोलीही तशीच झाली आहे, असे ब्रॉनी म्हणायची. पाव विकणाऱ्यालाही ही बाई "घाई करू नका" म्हणते.

आता खुर्चीवर बसला होता तो आयव्हर डेनिसन. वय शहात्तर, मुक्काम ब्रूनी बेट. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत जातो आणि जे पाहू त्याच्या ऐन मधोमध भोक पडते, तो आजार. डाव्या डोळ्यात सगळे गेलेले. उजव्यात झीज चहूबाजूंनी आली होती, पण अगदी मध्ये चिमूटभर जागा शाबूत होती. डॉक्टर त्या जागेला बेट म्हणत. आयव्हर म्हणाला होता, बेटावर राहायची सवय आहे मला. हे ग्लेनिसला ब्रॉनीकडून कळले होते, कारण आयव्हरबद्दलचे काहीही तिला ब्रॉनीकडूनच कळायचे.

अठ्ठावीस महिने तो दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येत होता. सकाळची फेरी बोट, मग गावच्या मदतगाडीतून पाऊण तास. बायको जाऊन नऊ वर्षे झाली होती. घरामागे क्विन्सची दोन झाडे, त्या फळांचा मुरंबा तो ब्रॉनीला आणून देई. तपासणी करणारीने भेटवस्तू घ्यायची नाही असा नियम, म्हणून ग्लेनिसला नाही. ब्रॉनीने एकदा तिला पावाला लावून दिला तेव्हा तिने तो जिन्यात उभे राहून खाल्ला. जन्मभर त्याने किनाऱ्यावरच्या बिनतारी केंद्रांत नोकरी केली होती. जहाजांशी मोर्समध्ये बोलायचे, कड्कट्ट कड्कट्ट, रात्रपाळी-दिवसपाळी, बत्तीस वर्षे.

तो वाचायचाही तसाच. इतर लोक एका अक्षरावर अडतात, खाकरतात, "हे ओ की सी हो?" म्हणून तिलाच विचारतात. आयव्हर एका लयीत वाचायचा. पाच अक्षरे, थांबा. पाच अक्षरे, थांबा. आवाज खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत. कॉरिडॉरच्या टोकाला तो आवाज आला की ग्लेनिस हातातला कागद उगाच सरळ करायची.

ग्लेनिस एकोणसाठ वर्षांची होती. लग्न एकदा होता होता राहिले होते आणि मग आईचे करण्यात बाकीची वर्षे गेली. आता तिला या माणसाची ओढ लागली होती. या वयात ओढ लागली असे म्हणायला लाज वाटते म्हणून लोक त्याला माया म्हणतात, सवय म्हणतात. ग्लेनिस तसे काही म्हणत नव्हती, कारण ती कुणाशी बोलतच नव्हती. महिन्यातून एक दिवस, अंधारात, वीस मिनिटे. बाकी एकोणतीस दिवस ती त्यावर काढत होती. त्याने तिला उजेडात कधी पाहिले नव्हते. ब्रॉनी त्याला आत आणून बसवायची आणि झाले की घेऊन जायची.

आणि एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. मागचा आकडा तिला दाखवत नसत, पण आयव्हरचा आकडा तिच्या लक्षात राहत होता. कुणाचेच आकडे ध्यानात ठेवायचे नाहीत अशी तिची शिस्त होती. त्याचा मात्र राहत होता. सत्तावन्न. दीड वर्ष सत्तावन्न, कधी छप्पन्न, पुन्हा सत्तावन्न. बाकीच्यांचे उतरत होते, याचा हलत नव्हता. बेट टिकले होते. तरुण डॉक्टर कॉरिडॉरमध्ये ब्रॉनीला म्हणाला होता की डेनिसनच्या नळीत खरेच औषध आहे बरे का. ते ऐकू आल्यावर ग्लेनिस आपल्या खोलीत गेली होती आणि दिवा न लावता जरा वेळ बसली होती. देवाचे नाव ती घेत नसे, त्या दिवशी घेतले.

त्या मंगळवारी आयव्हर टाय लावून आला होता. शर्यतीचा दिवस म्हणून. दारातल्या उजेडात तिला तो क्षणभर दिसला: गडद निळा टाय, गाठ किंचित वाकडी. आरशातली गाठ दिसली नसणार. ती सरळ करावी असे तिच्या हातांना इतके वाटले की हात मोकळे नकोत म्हणून तिने झटकन तक्ता उचलला आणि दिव्याच्या पेटीत सरकवला. त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी लावली, मागे येऊन उभी राहिली, फळीवर कागद धरला.

"पहिल्या ओळीपासून वाचा."

आयव्हर वाचू लागला. पाच अक्षरे. थांबा. पाच अक्षरे. तिच्या कागदावर तक्त्यावरची सगळी अक्षरे छापलेली असतात. बरोबर आले की त्याभोवती गोल करायचा. ती गोल करत गेली. पहिली ओळ पाचही, दुसरी पाचही, तिसरी, चौथी. बाहेर घोड्यांची नावे पुकारत होते. पाचव्या ओळीला तिने सहज मान वर करून पेटीकडे पाहिले.

पेटीत दुसरीच अक्षरे होती.

उजव्या डोळ्याचा तक्ता वेगळा, डाव्याचा वेगळा. एका डोळ्याने पाहिलेले दुसऱ्याने सांगू नये म्हणून. एकोणीस वर्षांत तिने त्यांची अदलाबदल कधी केली नव्हती. आज केली होती. पेटीत डाव्याचा तक्ता झळकत होता आणि आयव्हर डेनिसन उजव्याचा वाचत होता. अचूक. जे समोर नव्हते ते, ओळीमागून ओळ.

तिने त्याला थांबवले नाही. तो वाचत गेला आणि ती ऐकत गेली. सातव्या ओळीत तो एका डीला ओ म्हणायचा, फार पूर्वीपासून. आजही म्हणाला. आपल्या चुकासुद्धा त्याने पाठ केल्या होत्या. अकराव्या ओळीनंतर तीन अक्षरे, मग "पुढचं नाही दिसत, बाई." नेहमीप्रमाणे.

ग्लेनिस पुढे गेली. तक्ता काढला, बरोबर तक्ता आत सरकवला, पुन्हा जागेवर आली.

"पुन्हा एकदा. पहिल्या ओळीपासून वाचा."

नजर गेली तरी कान शाबूत होते, आणि ते कान बत्तीस वर्षे वादळातून बारीक टिकटिक वेचणाऱ्याचे होते.

"तक्ता बदललात," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे मघाशी दुसरा होता."

"हो."

भिंतीपलीकडे कुणीतरी मोठ्याने हसले. आयव्हरने डोळ्यावरची पट्टी काढून हातात घेतली. ती काढू नका म्हणायला हवे होते, पण ते वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडेना.

"कधीपासून?" तिने विचारले. हे ठरलेल्या वाक्यांत नव्हते.

"ईस्टरपासून म्हणा. आधी मलाही कळलं नाही. आम्हाला सांकेतिक तारा यायच्या, पाच-पाच अक्षरांच्या. अर्थ काही नाही, नुसती अक्षरं. ती कानात बसतात, काढू म्हटलं तरी जात नाहीत. इथं मी आपलाच आवाज महिन्याच्या महिन्याला ऐकत होतो. मग एकदा खुर्चीत बसलो, वाचून काढलं, आणि शेवटी लक्षात आलं की आपण डोळे मिटून बसलोय."

"मग सांगायचं होतंत."

"सांगायचं होतं."

"आठ महिने मी सत्तावन्न लिहितेय. मला वाटत होतं..." ती थांबली. मग राग आला. एवढा राग आपल्याला येतो हेच तिला ठाऊक नव्हते. "मला वाटत होतं तुमचा डोळा वाचला. मी घरी जाऊन आनंद करत होते. एकटी. तुम्ही मला फसवलंत."

"हो," तो म्हणाला. "तुम्हाला फसवायचं नव्हतं. रोझलिनला फसवायचं होतं."

रोझलिन त्याची मुलगी, पर्थला असते. देशाच्या दुसऱ्या टोकाला. दर महिन्याला आकडा विचारायला फोन करते. सत्तावन्न म्हटले की म्हणते, बरं, राहा मग. आकडा पडला की विमानाचे तिकीट काढून न्यायला येणार, तसे बोलणेच झाले होते बापलेकीत.

"पोरगी वाईट नाही हो," तो म्हणाला. "तिच्या घरात मला वेगळी खोली आहे. पण ब्रूनीवर मला डोळ्यांची गरज पडत नाही. कुठली पायरी कुठं, ते पायाला माहीत आहे. पर्थला मी आंधळा होईन. आणि इथं महिन्यातून एकदा यायचं असतं." तो जरा थांबला. "बत्तीस वर्षं ज्यांच्याशी बोललो त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नाही मी. मोर्सच्या कळीवर हात कसा पडतो त्यावरून माणूस ओळखायचो. तुम्ही 'पुढची ओळ' म्हणता ना, माझ्या वेळी जरा थांबून म्हणता. इतरांना तसं म्हणत नाही. बाहेर बसून ऐकलंय मी."

जन्मभर ग्लेनिसचे जे कुणी ऐकले नव्हते ते याने दाराबाहेर बसून ऐकले होते.

बाहेर घोडे सुटले. पुकारणाऱ्याचा आवाज चढत गेला आणि सगळा दवाखाना ओरडू लागला.

"पट्टी लावा," ती म्हणाली. "वाचा."

त्याने पट्टी लावली आणि वाचले. बरोबर तक्ता, बरोबर अक्षरे. ओरडा इतका होता की निम्मी तिला ऐकूही आली नाहीत. ऐकायची गरजही नव्हती. तिने गोल केले, बेरीज मांडली, सत्तावन्न लिहिले, खाली सही केली. ब्रॉनी धावत आली की डेनिसन, तुमचा घोडा शेवटून दुसरा आला, आणि त्याचा दंड धरून त्याला घेऊन गेली. जाताना तो दारात थांबला आणि "येतो, बाई," म्हणाला. नेहमी म्हणायचा तसेच.

पुढचा नंबर मिसेस हेवूडचा होता. एक्याऐंशी वर्षांची काडीसारखी बाई, सुईला मरणाची भिणारी. दर वेळी इंजेक्शनच्या आधी ती ब्रॉनीचा हात इतका दाबते की वळ उठतात. खुर्चीत बसता बसता ती म्हणाली, "तो बेटावरचा म्हातारा बाहेर भेटला. त्याचं टिकलंय म्हणतात ना? सगळे म्हणतात. मी आता सोडूनच देणार होते बघा. म्हटलं, त्याचं टिकतंय तर आपणही सोसू."

ग्लेनिसने ठरलेले वाक्य म्हटले. पहिल्या ओळीपासून वाचा. एकोणीस वर्षे ती गप्प राहत होती ते नियम म्हणून. आज पहिल्यांदा तिला आपले गप्प राहणे खोटे वाटले. मिसेस हेवूडने एकतीस अक्षरे वाचली आणि सुई घ्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रॉनी चहाचा कप घेऊन बसते न बसते तोच ग्लेनिसने आयव्हरचा कागद तिच्यासमोर ठेवला. चाचणीच्या कागदावर खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. चुकले तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही-तारीख. ग्लेनिसने सत्तावन्नवर रेघ मारली होती. बाजूला लिहिले होते: तक्त्यांची अदलाबदल, चूक माझी. त्याखाली: रुग्णाला अक्षरे पाठ आहेत.

ब्रॉनीने वाचले, पुन्हा वाचले.

"अगं, पण बरोबर तक्त्यावर वाचलं ना शेवटी त्यांनी? मग कशाला..." ती अर्ध्यावर थांबली, कारण ती मुळात हुशार मुलगी होती. "ते आता पर्थला जातील, ग्लेनिस. त्यांची मुलगी मला फोन करते."

"माहीत आहे मला."

"तुझी परवानगी पण काढून घेतील. पुन्हा परीक्षा द्यायला लावतील तुला."

"देईन."

ब्रॉनीने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. काय ते तिला कळले असावे, निदान थोडेसे. ती उठली आणि आपला चहा तिच्यापुढे सरकवून फोन करायला गेली.

मग जे व्हायचे ते झाले. ईस्टरपासूनचे सगळे आकडे बाद ठरले. तरुण डॉक्टरने फोटो पुन्हा काढून पाहिले आणि दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. बेट केव्हाच बुडाले होते, आकडा चांगला म्हणून कुणी तिकडे निरखून पाहिले नव्हते. आयव्हरचे इंजेक्शन बंद झाले. त्यात औषध होते की नुसती नळी, हे कळायला अजून दोन वर्षे होती. ग्लेनिसने अठ्ठावीस वर्षांच्या एका मुलीसमोर तपासणीची परीक्षा दिली. मुलगी म्हणाली, तुम्ही फारच हळू बोलता. ग्लेनिस म्हणाली, बरं.

रात्रीचे जेवण झाले की ती खिडकीशी बसायची. आपण बरोबर केले यात तिला शंका नव्हती. त्याने मन जराही हलके झाले नाही, एवढेच.

चाचणीतून कुणी बाहेर पडले तरी शेवटची एक तपासणी करावीच लागते. ती डिसेंबरात आली, नाताळाच्या दहा दिवस आधी. रोझलिन बापाला घेऊन आली होती. थोराड, थकलेली, बरी बाई. शनिवारचे विमान होते. ब्रूनीचे घर एका जोडप्याला भाड्याने दिले होते. हे सगळे ब्रॉनीने आत येऊन सांगितले, आयव्हरला खुर्चीत बसवले, आणि जाताना दार नेहमीपेक्षा हळू लावले.

आज तिसराच तक्ता होता, त्याने कधी न पाहिलेला, कधी न ऐकलेला. ग्लेनिसने तो दोनदा तपासून पेटीत सरकवला.

"पहिल्या ओळीपासून वाचा."

"आठ दिवस मी तुमच्यावर चिडलो होतो," आयव्हर म्हणाला. "शिव्या दिल्या बसून. मग आठवलं की अर्धवट ऐकलेली तार पुढं ढकललीस तर हात मोडीन, असं मीच पोरांना सांगायचो. तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. पण राग आला होता. तो आला नव्हता असं खोटं कशाला सांगू?"

"मलाही आला होता," ग्लेनिस म्हणाली.

"आता?"

"आता नाही."

मग त्याने तक्त्याकडे तोंड केले. चार मीटरवरून त्याला एकही अक्षर दिसले नाही. अंदाज करा, ती म्हणाली. त्याने अंदाज केला, चुकला. दुसरी ओळ चुकला. ज्याला अक्षरे पाठ असायची तो माणूस चाचपडत होता, लय गेली होती, आणि ती एकेका चुकीवर काट मारत होती. आपण त्याला इथे आणून बसवले, असे तिला वाटत राहिले.

चार मीटरवरून जमले नाही की एक मीटर, असा नियम आहे. त्याच्यावर ही वेळ कधी आली नव्हती. पेटीचा स्टँड चाकांवर असतो. ग्लेनिस पेटीमागे गेली आणि तो उजेड हळूहळू ढकलत त्याच्याकडे घेऊन आली. जमिनीवर आखलेल्या पट्टीपाशी थांबली, चाके अडकवली. एका हाताच्या अंतरावर तो होता. साबणाचा वास येत होता. हनुवटीखाली दाढीचा एक ठिपका राहून गेला होता.

"पहिल्या ओळीपासून," ती म्हणाली. आवाज मोठा काढायची गरज नव्हती.

मध्ये भोक पडले की माणूस कडेने पाहायला शिकतो. आयव्हरने तोंड डावीकडे वळवले, तक्त्यापासून दूर, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून अक्षरे ओढून काढू लागला. एकेकाला पाव मिनिट लागत होते. तिने घाई केली नाही. नऊ अक्षरे आली. तिने नऊ लिहिले, सही केली, कागद खाली ठेवला.

"झालं," ती म्हणाली.

आयव्हर उठला नाही. त्याने मान आणखी थोडी वळवली, तक्त्यापासून, तिच्यापासून, पार कोपऱ्यातल्या भिंतीकडे, आणि तिथे स्थिर झाला. आधी तिला कळले नाही. मग कळले. ती पेटीच्या बाजूला होती, अर्धी अंधारात. एक पाऊल सरकून ती उजेडात आली, चेहऱ्यावरचे केस मागे घेतले आणि उभी राहिली.

"केस पांढरे आहेत," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल."

"नाही."

दारावर टकटक झाली. ब्रॉनीने बाहेरूनच विचारले की झाले का, रोझलिनला बोट गाठायची आहे.

"अजून नाही," ग्लेनिस म्हणाली. "वेळ लागेल."

ती हलली नाही. आयव्हर डेनिसन भिंतीकडे तोंड करून तिला पाहत राहिला.